टोरंटोत आइस हॉकी बघायचीय? आधी मार्लीजची मॅच बघा

लीफ्सची (मेपल लीफ्स, टोरंटोची सगळ्यात वरच्या लीगमधली, म्हणजे एनएचएलमधली टीम) तिकिटं खिशाला परवडत नाहीत म्हणून एक्झिबिशन प्लेसच्या कोलिझियमला मार्लीजची मॅच बघायला गेलो, आणि खरं सांगू, पैसा वसूल! मार्लीज ही लीफ्सचीच खालची टीम, एएचएल नावाच्या एक पायरी खालच्या लीगमधली, इथे नियमच असा की 18 स्केटर्सपैकी (गोलकीपर सोडून बाकीचे खेळाडू) 13 जण डेव्हलपमेंटवाले, म्हणजे फारशा प्रो मॅचेस न खेळलेले, हवेत, म्हणजे पोरं चुकणारच, पक (खेळायची चकती) घालवणारच, बाजूचे काका तर कोचवर सारखे उखडत होते (काका, शिकू द्या की जरा). पण म्हणून जिंकायचं सोडलंय असं नाही हां, 2018 ला कॅल्डर कप, म्हणजे एएचएलची ट्रॉफी, यांनीच उचलला आणि तेव्हाचा कोच शेल्डन कीफ पुढच्याच वर्षी लीफ्सकडे गेला. वरच्या टीमने, म्हणजे लीफ्सने, मात्र 1967 नंतर त्यांचा स्टॅनली कप (एनएचएलची ट्रॉफी) बघितलेला नाही. पाचपैकी साडेचार, थंडी वाजते आत, जॅकेट न्या.