निलगिरीहून मागवलेला अगापँथस: कुंडीत पास, वाफ्यात नापास

रोपांना पाचापैकी चार, पॅकिंगला साडेचार आणि सोबत आलेल्या माहितीपत्रकाला एक. तो एकही कागद चांगला जाड होता म्हणून.

नर्सरी निलगिरीच्या बाजूची, ऑनलाइन विकणारी. नाव देत नाही. माल चांगला आहे. खटकलं ते एवढंच की डोंगरावरच्या हवेत वाढवलेलं रोप किनाऱ्याकडे पाठवताना तिथली लागवड कशी करायची याचा कुणी विचारच करत नाही.

मी फोंडा तालुक्यात राहते. पुढे खळं, मधोमध तुळशीवृंदावन, दोन्ही अंगांना चिऱ्यांची कड घातलेले लांबट वाफे आणि मागे सुपारीचं कुळागर. जास्वंद, अबोली, क्रोटन सगळं आहे, पण वाफ्यांत निळं काही नव्हतं. बेळगावला माझ्या भावजयीकडे कंपाउंडच्या भिंतीला लागून अगापँथसची रांग आहे. मे महिन्यात गेलं की कमरेएवढ्या दांड्यांवर निळे झुबके उभे असतात आणि विचारलं तर ती म्हणते, "वन्सं, मी काहीच करत नाही हो त्याला." ते ऐकून गोव्यातली कुठलीही बाई घरी येते आणि मोबाइल उघडते.

एक रोप ३५० रुपये, सहा घेतली तर कुरिअर फुकट. म्हणून सहा. दिवाळी झाल्यावर मागवली, कारण गोव्यात बाहेरचं रोप रुजवायचं तर पाऊस संपून ऊन तापायच्या आधीचा हाच काळ.

खोक्याला भोकं पाडलेली. आत एकेक रोप तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, मुळांभोवती ओलं शेवाळ आणि वरून सुतळी. पानं वीतभर ठेवून छाटलेली. हे बघून काहींना फसवल्यासारखं वाटतं, पण पद्धत बरोबर आहे; लांब पानं ठेवली तर प्रवासात त्यांतून पाणी उडून रोप सुकतं. मुळं करंगळीएवढी जाड, पांढरी, दाबली की टणक लागणारी. नीट वाढवलेलं रोप मुळांवरूनच कळतं. सहापैकी एका गड्ड्याला बोट लावलं तर साल सरकली, आत मऊ झालेलं आणि नकोसा वास. फोटो पाठवला, त्याचे पैसे लगेच परत आले. सेवेबद्दल म्हणूनच काही बोलायचं नाही.

सासूबाई पडवीतून बघत होत्या. "एवढे पैसे मोडून कांद्याची पात आणलीस गो?" दिसते खरी तशीच, आणि नातंही अगदीच लांबचं नाही, कांदा आणि अगापँथस वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच कुळातले. पण खायचा नाही. पोटात गेला तर त्रास होतो, आणि चीक लागला तर काहींच्या अंगाला खाज सुटते. घरात लहान मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं असेल तर ही सूचना पाकिटावर हवी होती. नव्हती.

पाकिटावर होतं ते असं: नाव 'अगापँथस आफ्रिकानस', दिवसभर ऊन, कोणतीही माती, वर्षभर फूल.

आधी नाव. आलेली रोपं आफ्रिकानस नव्हेत, प्रीकॉक्स या अगापँथसच्याच दुसऱ्या जातीची आहेत. खरा आफ्रिकानस दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केपमधला, डोंगरातल्या खडकांच्या फटींत वाढणारा. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि बागेत तो वाढवणं अवघड. जगभर बागांत दिसतो तो बहुतेक प्रीकॉक्स. तो ईस्टर्न केप आणि क्वाझुलू-नाताळकडचा, सदाहरित, पट्ट्यासारख्या रुंद पानांचा. विकताना त्याला आफ्रिकानस म्हणायची खोड जुनी आहे. आपल्या दृष्टीने ही चूक फायद्याचीच, कारण खरा आफ्रिकानस आला असता तर आमच्या पावसात त्याची माती झाली असती. याच नर्सरीकडे पानगळीच्या जातीही आहेत, कॅम्पॅन्युलाटस वगैरे. त्यांना कोरडी, कडक थंडी लागते. गोव्यातून त्या मागवू नका, फोटो कितीही गडद निळा असला तरी.

'वर्षभर फूल' हे मात्र सरळ खोटं आहे. अगापँथसचा बहर वर्षातून एकदा, उन्हाळ्यात. आणि तो नीट यायचा तर त्याआधी थंडीचे दिवस मिळायला हवेत. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, तिथे डिसेंबरात शाल लागते. पणजीत जानेवारीतली रात्रसुद्धा साधारण २० अंशांच्या आसपास. आम्ही थोडे आत, पहाटे जरा गार वाटतं, बस्स.

मुद्दाम दोन रोपं वाफ्यात लावली आणि तीन कुंड्यांत. वाफ्यातली मेपर्यंत झकास होती, हिरवीगार, शेजारणी विचारून जात. मिरग लागला आणि चित्र पालटलं. आमची जांभ्याची लाल माती उन्हात दगड होते आणि पावसात चिखल. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. वाफा उंच केला होता, खाली जांभ्याचे खडे घातले होते, तरी जुलैच्या झडीत एका गड्ड्याचा गाभा कुजला. बाहेरची पानं हिरवी आणि मधला कोंब ओढला की हातात. दुसरं रोप वाचलं, पण त्याच्या पानांच्या बेचक्यांत आफ्रिकन गोगलगायींनी बिऱ्हाड केलं. संध्याकाळी टॉर्च घेऊन त्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हे काम चवथीची साफसफाई चालू असताना कोण करणार? वाफ्यातल्या रोपाने फुलदांडा आजवर दाखवलेला नाही.

कुंडीची गोष्ट वेगळी. कुंडी उचलून पडवीत ठेवता येते, आणि गोव्यात या झाडाचं सगळं गणित त्या एका गोष्टीवर आहे. जून ते सप्टेंबर आमच्या तीनही कुंड्या पागोळ्यांच्या आत असतात. उजेड मिळतो, वरचा मारा नाही, पाणी माती वरून कोरडी झाली तरच. पाऊस ओसरला की पूर्वेच्या बाजूला, जिथे अकरा वाजेपर्यंत ऊन येतं तिथे. दिवसभर ऊन थंड देशात ठीक; इथे मार्चनंतर पानांची टोकं करपतात.

कुंड्या डिचोलीच्या कुंभाराकडच्या, भाजलेल्या मातीच्या, बारा इंची. नर्सरी सोबत काळी प्लास्टिकची कुंडी विकते, ती घेतली नाही. उन्हात तापते आणि ओल धरून ठेवते. मातीची घेताना आकार बघा. तोंड निमुळतं आणि पोट मोठं अशी कुंडी दिसते देखणी, पण अगापँथसची मुळं पोटात इतकी गच्च होतात की पुढे विभागणी करताना कुंडी फोडावी लागते. सरळ कडांची किंवा तोंडाकडे रुंद होत जाणारी घ्या. तीसुद्धा कधी मुळांच्या रेट्याने तडकते, त्याची तयारी ठेवा. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे, मग निम्मी बागेची माती, उरलेल्यात जाड रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. कोकोपीट मी अगदी मूठभर घालते, आमच्या दमट हवेत ते वाळतच नाही. गड्डा मातीबरोबर राहील असा लावायचा, खोल पुरायचा नाही.

खताबद्दल पत्रकात 'दर पंधरा दिवसांनी एनपीके' (नत्र, स्फुरद, पालाश यांचं मिश्रखत) आहे. खत विकणाऱ्याने लिहिल्यासारखं वाटतं. नत्र जास्त झालं की पानंच पानं. मी नोव्हेंबरपासून पालाशाकडे झुकणारं द्रवखत थोडं थोडं देते, आणि चुलीची चाळलेली राख चिमूटभर. मुळांना कुंडीत जरा अडचण झालेली या झाडाला चालते. चार-पाच वर्षांनी, फुलं कमी व्हायला लागली की गड्डा काढून सुरीने विभागायचा.

आणि फूल? आलं. तीन कुंड्यांपैकी एकीत, गेल्या एप्रिलात, एकच दांडा. टोकाला आधी कागदी पापुद्र्यात बांधलेली पुरचुंडी दिसते. ती एका बाजूने फाटते आणि आतल्या कळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या पसरतात. रंग फिका निळा, प्रत्येक पाकळीच्या मधून गडद रेघ. फोटोतल्यासारखा शाईचा निळा नव्हे. बेळगावच्या झुबक्याच्या अर्धाही नव्हता आणि आमच्या उकाड्यात लवकर आटोपला, पण सकाळच्या उन्हात पडवीच्या लाल कोब्यावर त्याची सावली पडायची तेव्हा सासूबाईंनीही त्याला कांदा म्हणणं सोडलं.

मग घ्यावा का? एक घ्या, कुंडीसाठी, आणि फूल आलं तर वरकड समजा. बाराही महिने टिकणारी तकतकीत पानं हवी असतील तर ३५० रुपये वसूल आहेत. वाफ्याची रांग भरायची म्हणून सहा घेऊ नका. तिथे पांढरी स्पायडर लिली लावा, ती आमचा पाऊस पिऊन फोफावते. फुटबॉल लिली लावा, पावसाच्या तोंडावर न सांगता लाल चेंडू काढते. निळंच हवं असेल तर फिका निळा प्लंबॅगो. तोही दक्षिण आफ्रिकेचा, पण आमच्या उन्हात मजेत फुलतो आणि नर्सरीत सहज मिळतो.

बियांची पाकिटं तर अजिबात नकोत. अगापँथसचं बी ताजं असेल तर रुजतं, जुनं झालं की उगवण कमी, आणि उगवलंच तरी फुलायला तीनेक वर्षं सहज जातात. त्यात रंग आईसारखाच येईल याची खात्री नाही.

नर्सरीला मी लिहिलं की पत्रकात किनारपट्टीसाठी दोन ओळी वेगळ्या छापा. उत्तर आलं, 'नक्की विचार करू', आणि खाली दहा टक्के सवलतीचा कोड. तो मार्चपर्यंत चालतो. माझ्या जाऊबाईंना म्हापशाच्या घरासाठी बुटकी जात हवी आहे, 'पीटर पॅन', तीही कुंडीतच; एक त्यांना आणि एक मला असं मागवलं तर कुरिअर अर्धं अर्धं पडेल.