एनकर्सेसचं पॅनेल: कळमन्यातल्या अडतीवर आंबियापासून मृगापर्यंत वापरल्यावर

एस्केप दाबल्यावर पडद्यावरचं खोकं, म्हणजे छोटी खिडकी, एक सेकंद हलत नाही. एवढ्यापायी मागच्या आठवड्यात एका शेतकऱ्याची अख्खी पट्टी (विक्रीचा हिशेब) पडद्यावरून उडाली, म्हणून हे लिहायला घेतलं. नाहीतर पॅनेल लायब्ररीबद्दल मी नुसतं चांगलंच लिहिणार होतो. (एनकर्सेस म्हणजे टर्मिनलच्या, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर खिडक्या काढणारी लायब्ररी; पॅनेल हा तिचा, त्या खिडक्या एकावर एक रचणारा भाग.) चांगलंही पुढे आहे, पण आधी हे.

न्यूविन (नवी खिडकी बनवणं), रिफ्रेश (ती पडद्यावर काढणं) वगैरे माहीत आहे असं धरून चालतो. मामेभावाची नागपूरच्या कळमना मार्केटला संत्र्याची अडत आहे. आधी बिलिंगचं एक तयार पॅकेज होतं. त्या लोकांनी वार्षिक नूतनीकरणाचे पैसे वाढवले, वरून म्हणाले हा कॉम्प्युटर आता चालणार नाही, नवा घ्या. का घ्यायचा? ४ जीबीचं मशीन धड चालतं आहे. त्यावर डेबियन लिनक्स टाकलं आणि पायथनमध्ये, टर्मिनलमध्येच चालणारा प्रोग्राम लिहिला. मागे आवकेची यादी, तिच्यावर पट्टीचं खोकं, त्याच्यावर हमाली-तोलाईचं खोकं. एकावर एक तीन थर, बस.

मागच्या आठवड्यात ऐन लिलावाच्या गर्दीत दिवाणजींनी हमालीचं खोकं बंद करायला एस्केप दाबलं. ते हललं नाही. "भाऊ, हे खोकं जात काहून नाही?" म्हणत त्यांनी परत दाबलं. वरचं खोकं गेलं आणि पाठोपाठ पट्टीचंही गेलं. मोर्शीकडचा शेतकरी समोर उभा, त्याला गाडीभाडं द्यायचं, अन् सगळे आकडे पुन्हा घालायचे.

प्रकार असा आहे. वरचा बाण दाबला की टर्मिनल एक बाइट पाठवत नाही, तीन पाठवतं: आधी २७, मग चौकोनी कंस किंवा ओ, मग ए. नुसतं एस्केप म्हणजे एकटा २७. त्यामुळे २७ आला की लायब्ररी थांबून बघते, मागून अजून काही येतंय का. किती थांबते? आपण काही सांगितलं नसेल तर १००० मिलिसेकंद. तेवढ्यात दिवाणजींचं दुसरं एस्केप पोचलं की पहिलं लगेच मोकळं होतं आणि दुसरं सेकंदभराने. खोकी दोन जाणार, यात नवल नाही.

एक सेकंद हा आकडा कुठल्या जमान्यातला आहे हे कळतं. ३०० बॉडच्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं जायची, म्हणजे बाणाचे तीन बाइट पोचायलाच दशांश सेकंद. त्यातही लाइन अडखळली तर सैल हात हवा. पण आज, टेबलावरच्या कीबोर्डला? ईएससीडिले (ESCDELAY) नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २५ केलं की काम होतं. पायथन ३.९ पासून तर त्यासाठी वेगळं फंक्शनच आहे. मग मुळातच ते २५ का नाही, यावर मी घरी इतक्यांदा बोललो आहे की आता घरचे विषय बदलतात.

बरं, दुकानात २५ केलं, झकास. रात्री घरून एसएसएचने (दुरून टर्मिनल उघडायची सोय) जोडलं तर पुन्हा अर्धा सेकंद! मध्ये टीमक्स बसलेलं होतं, एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम. त्याचा स्वतःचा एस्केप-टाइम असतो आणि तो कित्येक वर्षं ५०० मिलिसेकंद होता. ३.५ आवृत्तीत तो १० वर आणला. डेबियन १२ मधलं टीमक्स त्याच्या आधीचं, म्हणजे हाताने एक ओळ टाकणं आलं. एकाच कळीला दोन दारवान, आणि दोघांचं घड्याळ वेगळं.

आता पॅनेलकडे येतो. संत्र्याचा आंबिया बहार सुरू झाला तेव्हा माझं मत होतं की याची गरज नाही, आणि तेव्हा ते खरंही होतं, कारण खोकं एकच होतं. कर्सेसच्या खिडक्यांना एकमेकींचा पत्ता नसतो. प्रत्येक खिडकी म्हणजे मेमरीतला एक अक्षरांचा तक्ता. जिला शेवटी रिफ्रेश केलं तिचं चित्र वर. खिडकी डिलीट केली तरी तिचं चित्र पडद्यावर तसंच राहतं. खालची यादी परत आणायची तर तिला टचविन करायचं, म्हणजे 'तू सगळी बदलली आहेस' असं तिला खोटंच सांगायचं, आणि मग रिफ्रेश. एका खोक्यापर्यंत हे हाताने जमतं. तिसरा थर आला आणि कोणाला आधी टच करायचं, कोणाला नंतर, याच्या याद्या मी वहीत लिहायला लागलो.

पॅनेलने ती वही बंद केली. प्रत्येक खिडकीला एक पॅनेल जोडायचं. नवं पॅनेल आपोआप सगळ्यांच्या वर येतं. मग फक्त अपडेट-पॅनेल्स आणि डूअपडेट. कोण कोणावर किती चढलंय ते लायब्ररी बघते, तेवढ्याच ओळींना हात लावते, आणि डूअपडेट एकदाच बदललेली अक्षरं टर्मिनलला पाठवतं. लुकलुक नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनसुद्धा खोकं पटकन येतं. खोकं लपवलं की मागची यादी जशीच्या तशी, मी एक ओळ न लिहिता. हा कोड वॉरन टकर यांनी त्यांचा यू३८६मॉन हा प्रोग्राम इतर सिस्टिमवर नेता यावा म्हणून लिहिला होता. पुढे तो एनकर्सेसमध्ये आला. इतका जुना, फुकट, आणि अजून चालतोय. आमच्या मशीनला शोभणारा.

खोड्या मात्र आहेत. मूळ पडदा, म्हणजे एसटीडीएससीआर, सगळ्यांच्या तळाशी धरलेला असतो, पण गेटसीएचला, म्हणजे कळ वाचणाऱ्या फंक्शनला, त्याचं काही देणंघेणं नाही. ज्या खिडकीवर गेटसीएच बोलावता तिच्यात काही बदल बाकी असेल तर ती कळ वाचण्याआधी स्वतःच रिफ्रेश होते. माझ्याकडे मूळ पडद्यावर दिवसाच्या आवकेची बेरीज चालू असते. ती बदलली की थेट खोक्याच्या छातीवर छापली जायची. उपाय: कळ नेहमी सगळ्यात वरच्या पॅनेलच्या खिडकीवर वाचायची. पण तिथे कीपॅड (बाणाचे बाइट जोडून एकच कळ म्हणून देणारी सोय) वेगळं चालू करावं लागतं. पायथनचा रॅपर (कर्सेस चालू-बंद करून देणारं फंक्शन) ते फक्त मूळ पडद्याला करून देतो. नाही केलं तर बाणाचे तीन बाइट सुटे येतात, पहिल्या २७ ला प्रोग्राम एस्केप समजतो, आणि खाली जायला बाण दाबला की खोकंच बंद. फिरून एस्केप!

पायथनवाल्यांसाठी आणखी एक. पॅनेल ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं ते फंक्शन संपताच गेलं तर पॅनेलही गेलं, थरातून काढलं जातं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पॅनेल एका लिस्टमध्ये धरून ठेवा. आणि हलवायचं असेल तर पॅनेलच्याच मूव्हने हलवा, खिडकीच्या नाही.

देवनागरीचं दुखणं वेगळं. काटोल, नरखेड, सावनेर ही गावांची नावं सरळ बसतात. कळमेश्वर आलं की त्या ओळीची उजवी कड एक घर आत सरकते. लायब्ररी श आणि व ची दोन घरं मोजते, टर्मिनल जोडाक्षर एकाच घरात काढून मोकळं होतं. त्यावरून दुसरं खोकं सरकवलं की अक्षराचा तुकडा मागे चिकटून राहतो. हा दोष पॅनेलचा म्हणता येत नाही, पण दिसतो खोक्यातच. मी गावाच्या खोक्याला उजवी कडच ठेवली नाही. शिवाय यासाठी ग्राफिकल टर्मिनल चालू ठेवावं लागतं. लिनक्सच्या साध्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकृत्या मावतात, आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येतच नाही. तेवढी मेमरी गेली, ती मनाला लागते.

टीमक्सचा पॉपअपही बघितला, ३.२ पासून आहे. छान दिसतो. पण एका वेळी एकच, आणि तो माझ्या प्रोग्रामचा भाग नाही, बाहेरून ठेवलेला. तीन थरांना निरुपयोगी.

ज्यांनी कॉलेजात टर्बो सी++ चा निळा पडदा वापरला आहे त्यांना पॅनेल कोरडं वाटेल. तिथे एफ६ ने पुढची खिडकी, एफ५ ने मोठी, कंट्रोल-एफ५ ने हलवा, वर खिडकीला सावली. बोरलँडने १९९० मध्येच टर्बो व्हिजनमध्ये हे सगळं तयार दिलं होतं. पॅनेल तुम्हाला फक्त थर सांभाळून देतं. कड, शीर्षक, सावली, माऊस, सगळं तुम्ही करा. मला सावली नको होती, पण दुसऱ्या एका अडत्याने बघून "हे जुनं वाटते" म्हटलं तेव्हा जरा वाईट वाटलं.

मृग बहाराचा माल सुरू झाल्यावर मत आणखी एकदा हललं. एस्केप २५ वर आल्यापासून खोकं डोळ्याची पापणी लवायच्या आत जातं, आणि आता दिवाणजींची तक्रार उलटी आहे: "भाऊ, हे आता विचारतच नाही, निघून जाते." त्यांच्यासाठी पट्टीवर 'खरंच बंद करू?' असं चौथं खोकं टाकलं. हाताने टचविन करत असतो तर चौथ्या थराला मी हात जोडले असते. पॅनेलमध्ये दुपारच्या चहाआधी झालं. ते खोकं एस्केपने बंद होत नाही, मुद्दामच. 'ह' किंवा 'न' दाबावं लागतं.

पाचापैकी चार. कापलेला एक गुण त्या १००० चा आहे. खिडकीचा आकार बदलला की रिप्लेस-पॅनेलने नवी खिडकी आपणच बसवावी लागते, त्याचे गुण कापले नाहीत, कारण आमच्याकडे टर्मिनल कायम पूर्ण पडद्यावर असतं आणि ते लहान करायचं दिवाणजींना माहीत नाही.