ब्रेडमेकर: सात महिने, नव्वद ब्रेड आणि एक भोक

आधी भोकाचं बोलतो. मशीन घेतलं तेव्हा हे मला एकानंही सांगितलं नव्हतं.

ज्यांच्याकडे ब्रेडमेकर आहे त्यांना कळलंच असेल. मळणं, फुगणं, भाजणं सगळं एकाच भांड्यात, त्यामुळे मळायचं पातं शेवटी ब्रेडच्या पोटात अडकून बसतं. ते उपसून काढलं की खाली अंगठा सहज जाईल एवढं भगदाड. मधल्या चार स्लाइस कामातून जातात. चटणी सँडविच केलं की निम्मी चटणी डब्यात. मुलगा स्लाइस डोळ्याला लावून विचारतो, "बाबा, आज दुर्बीण केलीत का?" सात हजार आठशे रुपये मोजलेत मी.

घ्यायचं कारण साधं. आम्ही पाच माणसं, आठवड्याला तीन पुडे लागायचे. 2016 मध्ये ब्रेडच्या पिठात घालायच्या पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी आली तेव्हापासून आई ब्रेडकडे संशयानंच बघते. मी मात्र बिथरलो लेबल वाचून. वजनानं जे जास्त ते यादीत आधी लिहावं लागतं, आणि आमच्या नेहमीच्या 'ब्राउन' ब्रेडवर पहिला मानकरी मैदाच. रंगाला कॅरमेल.

डिसेंबरात पहिला ब्रेड केला. वीट झाली. दुसरा, वीट. सोबतच्या पुस्तिकेत 400 ग्रॅम पिठाला 260 मिली पाणी लिहिलंय, पण ते परदेशी पिठाचं माप. आपल्या चक्कीच्या दगडाखाली गव्हातला स्टार्च जास्त भरडला जातो, शिवाय कोंडा, त्यामुळे आपली कणीक पाणी फार पिते. मी 315 वर आलो तेव्हा कुठे मशीनचं कण्हणं थांबलं. दुसरी युक्ती म्हणजे पाच मिनिटं मळून झालं की मशीन बंद करायचं, वीस मिनिटं पीठ मुरू द्यायचं आणि पहिल्यापासून परत सुरू करायचं. पोळ्यांची कणीक भिजवून झाकून ठेवतोच की आपण! एप्रिलमध्ये उलटा त्रास. पीठ झाकणाला टेकेपर्यंत फुगायचं आणि भाजताना मधे बसायचं. तेव्हापासून उन्हाळ्यात फ्रिजचं पाणी आणि यीस्ट पाऊण चमचाच.

हिशोब विचारणार असाल तर तोही आहे. कणीक 19 रुपये, यीस्ट-तेल-साखर-दूध पावडर मिळून 9, वीज 4 (प्लगला मीटर लावून मोजली, 0.4 युनिट). झाले 32. तसाच दुकानातला 55. नव्वद ब्रेडमध्ये वाचले 2,070. मशीनचे पैसे फिटायला अजून एकोणीस महिने. बायको म्हणाली, त्या दोन विटाही धर. त्या मी धरलेल्या नाहीत.

आता भोकाबद्दल माझं मत बदललंय, तेही सांगतो. मार्चपर्यंत मी सगळ्यांना 'घेऊ नका' सांगत होतो. मग एकदा मशीनशेजारी बसून राहिलो आणि लक्षात आलं की शेवटचं मळणं संपल्यावर भाजायच्या आधी तासभर पीठ नुसतं फुगत असतं. हात ओला करून गोळा उचलायचा, पातं काढायचं, गोळा नीट वळून परत ठेवायचा. आता फक्त पातं बसवायच्या दांड्याचं भोक पडतं, पेन्सिलीएवढं. चटणी टिकते. फक्त त्या दोन मिनिटांसाठी माणूस घरी पाहिजे, म्हणजे 'रात्री लावा, सकाळी गरम ब्रेड' हे जाहिरातीतलं सुख गेलं. आणि पुण्यात असाल तर गुरुवारी दुपारी लावू नका. दुरुस्तीसाठी लाइट गेली की दहा मिनिटांत मशीन सगळं विसरतं. एका गुरुवारी तो गोळा कुकरमध्ये, तळाला मीठ घालून, शिट्टी न लावता भाजला. खरं सांगू? आजवरचा सगळ्यात चांगला कडेचा ब्रेड तोच.

इतकं जमल्यावर जूनमध्ये तोच दांडा गळायला लागला. भांड्याखाली काळपट तेलकट थेंब. वॉरंटी वर्षाची, म्हणून निवांत सर्व्हिस सेंटरला गेलो. "सर, भांडं आणि पातं वॉरंटीत येत नाही. झिजणारा पार्ट आहे." मग दांड्याभोवतीचं, गळती रोखणारं नुसतं सील द्या. "सील सुटं येत नाही, पूर्ण भांडं घ्यावं लागेल. दोन हजार सहाशे पन्नास." मी म्हटलं, चप्पलचा अंगठा तुटला तर तुम्ही चप्पल बदलता का? त्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं आणि चाळीस मिनिटांनी तेच उत्तर दिलं.

भांडं पिशवीत घालून तडक नाना पेठेत गेलो. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत एका बेअरिंगवाल्यानं खालची रिंग काढली, दांडा मोजला, काळं सील हातात घेतलं आणि परत ठेवलं. "काका, हे कशाचं आहे?" ब्रेडचं. "मग काळं नको, भाजताना कडक होईल. सिलिकॉनचं घ्या, लाल." नव्वद रुपये, बसवण्याचे वीस. पहिला ब्रेड धास्तीनं कोणाला दिला नाही, मीच संपवला.

चवीचं एवढंच की बनमस्का खायला गुडलक कॅफेतच जावं, हा ब्रेड त्या जातीचा नाही. जाड, जरा ओलसर, तुपावर भाजला की भारी. जतन करायला काही घातलेलं नसल्यामुळे पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी येते, आणि फ्रिजमध्ये ठेवला तर लवकर शिळा होतो. मी कापून फ्रीझरला टाकतो, सकाळी थेट तव्यावर.

सर्व्हिस सेंटरचा काल मेसेज आला, पाच तारे द्या म्हणून. रोज रात्री भांड्यात पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवतोय. आज सोळावा दिवस, कागद कोरडा आहे.