पिस्ता की शेवाळी? दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

दिवाळीआधी घर रंगवून घेतलं. हॉलला फिकट पिस्ता, बेडरूमला शेवाळी. दोन्ही धुता येणारं इमल्शन; पिस्ता हलक्या चकाकीचा, शेवाळी मॅट. आता उन्हाळा झाला, पावसाळाही निम्मा सरला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

हॉल पश्चिमेचा. सकाळी पिस्ता जवळजवळ पांढराच वाटतो, छान वाटतो. दुपारी चारनंतर ऊन आत आलं की तोच पिवळट पोपटी दिसायला लागतो. रात्री ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्याफेक ट्यूबखाली (केल्व्हिनचा आकडा कमी तितका उजेड पिवळसर) तर विचारूच नका. भिंतीवरून परतणाऱ्या उजेडाची हिरवट झाक चेहऱ्यावर येते, आणि व्हिडिओ कॉलवर आई विचारते, "बरं नाहीये का तुला?" ४००० केल्व्हिनचे दिवे लावल्यावर निम्मी कटकट मिटली. दुपारच्या उन्हाला मात्र इलाज नाही.

शेवाळीला घरात सगळ्यांचा विरोध. एवढीशी खोली, त्यात गडद रंग! पण खिडकी उत्तरेला, थेट ऊन फारसं नाही, त्यामुळे दिवसभर रंग फारसा बदलत नाही. रात्री ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यात तो किंचित तपकिरीकडे झुकतो आणि सागवानी कपाटाशेजारी फार देखणा दिसतो. पावसाळ्यात मात्र भर दुपारी दिवा लागतो. कंपन्या शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो ते (काळ्याकडे ०, पांढऱ्याकडे १००). खोलीत उजेड कमी असेल तर आधी तो बघा.

डागांचं म्हणाल तर, पिस्त्यावर स्विचबोर्डाभोवती बोटं उमटतात, पण ओल्या फडक्याने निघतात. शेवाळी मळ लपवतो, पण खुर्चीची पाठ घासली की पांढुरका ओरखडा उठतो, आणि जोर लावून पुसलं की तेवढाच भाग चकाकतो. टचअपचं ठिगळ तर लपतच नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारावी लागते. म्हणून उरलेला रंग आणि डब्यावरचा शेड कोड जपून ठेवा. शेवाळीला तिसरा हातही लागला, तो खर्च वेगळा.

बेडरूमला मी पुन्हा शेवाळीच घेईन. पश्चिमेच्या हॉलला पिस्ता नाही; तिथे राखाडी झाक असलेला हिरवा बघेन. सॅम्पल लावताना एक खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि एक खिडकीच्याच भिंतीवर लावा, पूर्ण वाळू द्या आणि रात्री स्वतःच्या दिव्यांत बघा. पेंटर घाई करेल, करू द्या.