पार्शल की टोटल? आकड्यांमागचा गुडघा आणि एक्स-रेतली ती काळी रेघ

झीज गुडघ्याच्या आतल्या बाजूपुरतीच असेल, तर गुडघा बदलण्याचे दोन रस्ते असतात: पार्शल (अर्धवट) आणि टोटल (पूर्ण). पार्शलमध्ये फक्त झिजलेला कप्पा बदलतात, लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारे पट्टे) शाबूत राहतात. टोटलमध्ये सगळा सांधा बदलतो आणि पुढचं क्रूसिएट लिगामेंट सहसा काढून टाकावं लागतं.

दुखणं कमी होण्याच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही. ब्रिटनमधल्या ‘टॉपकॅट’ चाचणीत ५२८ रुग्ण होते. २०१९ साली आलेल्या निकालानुसार पाच वर्षांनंतर दुखणं आणि हालचाल मोजणाऱ्या प्रश्नावलीत (जास्त गुण म्हणजे गुडघा चांगला) ४८ पैकी पार्शलचे सरासरी गुण ३८ आणि टोटलचे ३७ होते. पार्शलमध्ये जखम लहान, रक्तस्राव कमी आणि माणूस चालायलाही लवकर लागतो. इंग्लंड-वेल्सच्या नोंदींत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांचं प्रमाणही पार्शलनंतर कमी दिसलं.

मग सगळे पार्शलच का करत नाहीत? कारण पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता. १५ वर्षांनी टोटलचे सुमारे ९३ टक्के गुडघे टिकून असतात, पार्शलचे ७७ टक्के. २५ वर्षांनी हेच आकडे ८२ आणि ७० होतात. तफावत खरी आहे, पण सगळी इम्प्लांटच्या दर्जाची नाही. पार्शल दुखला की ‘टोटल करून टाकू’ हा पर्याय हाताशी असतो. टोटल तेवढाच दुखला तरी सर्जन पुन्हा हात घालायला कचरतात. तक्रार सारखीच, पण नोंद फक्त पार्शलच्या खात्यावर पडते.

यात एक्स-रेचाही हात आहे. सिमेंट लावून बसवलेल्या पार्शलमध्ये नडगीच्या बाजूच्या पत्र्याखाली (इम्प्लांटच्या धातूच्या तळाखाली) बारीक काळी रेघ पुष्कळदा दिसते. ती दोन मिलिमीटरच्या आत असेल, खालून पांढऱ्या दाट हाडाची कड असेल आणि वर्षानुवर्षं रुंदावत नसेल, तर इम्प्लांट ढिला झाला असं समजायचं कारण नाही. अशा रेघेचा वेदनेशीही संबंध दिसलेला नाही. तरीही तिच्याकडे बोट दाखवून गुडघे उघडले गेले आहेत! पहिल्या वर्षभरात नडगीच्या आतल्या बाजूला दुखणं बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकदा आपोआप ओसरतं. त्या काळात रेघ दिसली म्हणून घाई करू नये. सिमेंटविना बसवलेल्या प्रकारात ही रेघ क्वचितच दिसते.

काळजीची चिन्हं वेगळी असतात: रेघ रुंदावत जाणं, कड धूसर होणं, पत्रा कलणं किंवा खचणं, बाहेरच्या कप्प्यातली फट कमी होत जाणं. किरण पत्र्याला अगदी समांतर नसतील तर रेघ लपते, म्हणून तुलना करताना एक्स-रे एकाच कोनातले हवेत. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा.

निवडीचा खरा पाया मात्र ऑपरेशनआधीच्या एक्स-रेत असतो. हाडाला हाड टेकलेलं दिसत असेल, तर पार्शलचा निकाल चांगला येतो. कूर्चा अर्धवटच झिजली असेल, तर निराशेची शक्यता जास्त. पुढचं क्रूसिएट निकामी असेल किंवा संधिवात सूज आणणारा, म्हणजे रूमॅटॉइड असेल, तर सरळ टोटलकडे वळावं.

आणि सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: तुम्ही बदलता त्या शंभर गुडघ्यांत पार्शल किती? उत्तर पाचाच्या आत असेल, तर मी त्यांच्याकडून टोटल करून घेईन; पार्शलच हवा असेल तर दुसरा सर्जन शोधेन.