बसलं की आतून ठणकतं? बायोफीडबॅक, करंट की मसाज

ऐरोलीहून ठाण्याला येताना ट्रेनमध्ये सीट रिकामी असली तरी मी दाराशी उभी राहायचे, कारण बसलं की आत, संडासच्या जागेच्या वर, गोटा अडकल्यासारखा ठणका सुरू व्हायचा आणि तासन् तास जायचा नाही. मूळव्याध समजून दोन वर्षं मलमं लावली. मग एका डॉक्टरांनी बोटाने तपासताना आतला स्नायू मागे ओढला आणि मी टेबलावरच ओरडले, नेमकं तेच दुखणं!

याला लिव्हेटर अ‍ॅनाय सिंड्रोम म्हणतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडून राहतात, सैल सुटतच नाहीत. दुखणं अर्धा तास किंवा जास्त टिकतं. काही सेकंद-मिनिटं जीवघेणी चमक येऊन गायब होत असेल तर तो वेगळा प्रकार, त्याला हे लागू नाही. आणि रक्त पडतंय, ताप आहे, वजन उतरतंय तर आधी डॉक्टरांकडे जा, फिशर (संडासच्या जागेला पडलेली चीर), गळू वगैरे नाही ना ते बघून घ्या, मग पुढचं वाचा.

यावर जे तीन उपचार सुचवतात, त्यात मसाज म्हणजे थेरपिस्ट बोटाने आतला स्नायू दाबून सैल करतात. करंटमध्ये आत प्रोब, म्हणजे वायर जोडलेली छोटी कांडी, ठेवून हलके झटके देतात, स्नायू थकून ढिला पडावा म्हणून. दोन्हीत आपण नुसतं पडून राहायचं. बायोफीडबॅकमध्ये मात्र काम आपल्याला करावं लागतं. प्रोबची वायर स्क्रीनला जोडलेली असते, मला ‘सैल सोडा’ म्हटलं आणि मी सोडलं असं मला वाटलं, तर स्क्रीनवरची रेघ वर चढली! म्हणजे इतकी वर्षं मी सोडायच्या नावाखाली आवळतच होते. कुंथताना पण तेच.

२०१० मध्ये आलेल्या एका अभ्यासात १५७ पेशंटवर या तिन्हींची तुलना झाली, प्रत्येकाला ९ सेशन. ज्यांना स्नायू ओढल्यावर दुखत होतं त्यांच्यात पुरेसा आराम बायोफीडबॅकने ८७ टक्के जणांना, करंटने ४५, मसाजने २२. ज्यांना तसं दुखत नव्हतं त्यांना तिन्हींचा फारसा उपयोग झाला नाही, म्हणून ती बोटाची तपासणी लाज वाटली तरी टाळू नका, सगळा निर्णय तिच्यावर आहे.

कोमट पाण्याच्या टबात बसून मला त्या वेळेपुरतं बरं वाटायचं, ते मी अजूनही करते. बोटॉक्स, म्हणजे स्नायू ढिला पाडणारं इंजेक्शन, कोणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा की एका छोट्या अभ्यासात ते औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे, ओढल्यावर दुखत असेल आणि सेशनना जायला जमत असेल तर बायोफीडबॅकच घ्या. फक्त अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी फोनवर विचारा, ‘स्क्रीन बघून सैल सोडायला शिकवता, की नुसते केगल देता?’ मला पहिल्या ठिकाणी केगलच दिले होते, आधीच आवळलेला स्नायू अजून आवळायचा व्यायाम, आणि आठवड्याभरात जिना उतरणंही नको झालं होतं.