पॅरामेडिकल ओळख-संच: सहा टेबलांपैकी किती उपयोगाची?

दवाखान्यात कोण कोण काम करतं, असं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं की डॉक्टर, नर्स आणि फार तर औषधं देणारे एवढ्यावर यादी संपते. रक्ताचे नमुने तपासणारे, एक्स-रे काढणारे, शस्त्रक्रियेनंतर पेशंटला पुन्हा चालायला शिकवणारे, ऐकू येण्याची तपासणी करणारे हे सगळे, म्हणजे पॅरामेडिकल कर्मचारी, मुलांनी पाहिलेले असतात. पण त्या प्रत्येक कामामागे वेगळं शिक्षण आहे आणि ते आयुष्यभराचं करिअर होऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ही उणीव भरून काढण्यासाठी शाळांना जे प्रात्यक्षिक संच मिळतात, त्यांतल्या सर्वांत प्रचलित रचनेचं हे परीक्षण आहे. एका पेटीत सहा टेबलांचं सामान, प्रत्येक टेबलासाठी एक माहितीकार्ड आणि शिक्षकांसाठी एक पुस्तिका. टेबलं अशी: रक्तदाब, रक्तगट, सांध्यांचं मोजमाप, एक्स-रे, ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) आणि सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून करायचा तातडीचा उपचार).

सर्वांत जास्त शिकवणारं टेबल रक्तदाबाचं, आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच होतात. काट्याचं यंत्र आणि दोघांना एकाच वेळी ऐकता येईल असा जोड-स्टेथोस्कोप ही निवड उत्तम आहे. शिक्षक आणि विद्यार्थी एकच ठोका ऐकत असल्यामुळे "आला का आवाज?" या प्रश्नाला नुसतं "हो" म्हणून वेळ मारून नेता येत नाही. मात्र सोबत प्रौढांच्या मापाचा एकच कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, दिलेला असतो आणि तिथेच घोळ होतो. कफमधल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० टक्के असावी लागते. कफ लहान पडला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, मोठा झाला तर कमी. या वयात एकाच वर्गात दंडांच्या घेरात मोठा फरक असतो. म्हणून २२ ते २६ सेंटिमीटरचा छोटा आणि ३५ ते ४४ सेंटिमीटरचा मोठा, असे दोन कफ वेगळे घ्या. शिवणकामाची टेपही टेबलावर ठेवा. आधी दंड मोजायचा आणि मग कफ निवडायचा, ही सवय याच टेबलावर लागते.

कार्डावरची कृती दुरुस्त करून घ्यावी लागेल. त्यावर थेट "१६०पर्यंत फुगवा" असं छापलेलं असतं. नीट पद्धत अशी: पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला आधार, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. मग मनगटाची नाडी बोटांखाली धरून कफ फुगवायचा आणि ती लागेनाशी झाली की काट्याचा आकडा लक्षात ठेवायचा. हवा पूर्ण सोडून अर्धं मिनिट थांबायचं. आता त्या आकड्याच्या ३० वर फुगवायचं आणि सेकंदाला २ ते ३ मिमी (पाऱ्याचे मिलिमीटर, रक्तदाबाचं एकक) या गतीने उतरवायचं. पहिला स्पष्ट ठोका म्हणजे वरचा आकडा, ठोके ऐकू येणं थांबतं तो खालचा. कोरोत्कॉफ या रशियन डॉक्टरांनी १९०५ साली मांडलेली ही पद्धत अजूनही याच पायावर उभी आहे.

नवख्या हाताची नेमकी चूक हवा भरायच्या फुग्याच्या स्क्रूवर होते. मूल तो स्क्रू एकदम अर्धा फेरा फिरवतं, काटा १५०वरून १२०वर घसरतो आणि पहिला ठोका मधल्या मध्ये निसटतो. मग अंदाजाने आकडा सांगितला जातो. यावर उपाय म्हणजे आवाज न ऐकता आधी फक्त काटा उतरवण्याचा सराव द्यायचा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्क्रू किंचित सैल करायचा, काटा एकेक रेघ उतरताना बघायचा, पाच वेळा. त्यानंतरच स्टेथोस्कोप कानाला लावायचा, कानातली टोकं नाकाच्या दिशेने वळलेली हवीत. एका दंडावर सलग दोनपेक्षा जास्त प्रयत्न नकोत, मध्ये किमान एक मिनिटाची विश्रांती द्या. हवा पूर्ण सोडल्यावरही काटा शून्यावर येत नसेल तर ते यंत्र त्या दिवशी बाजूला ठेवा.

पुस्तिकेत एक गोष्ट अजिबात नाही, आणि ती हवीच होती. मुलांचे आकडे नावासकट फळ्यावर लिहू नयेत. एखाद्याचा रक्तदाब जास्त आला तर तो वर्गात मोठ्याने वाचायचा नाही, निदानही करायचं नाही. थोड्या वेळाने पुन्हा मोजायचा आणि तरीही जास्तच आला तर घरच्यांना डॉक्टरांकडे जायला सांगायचं. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हा या सगळ्या व्यवसायांचा पहिला नियम आहे. तो सांगण्यापेक्षा या टेबलावर पाळून दाखवला तर मुलांच्या जास्त लक्षात राहतो.

रक्तगटाचं टेबल मुलांना सर्वाधिक आवडतं. नमुने कृत्रिम रक्ताचे असतात आणि तसेच असायला हवेत. शाळेत कुणाचंही बोट टोचून खरं रक्त वापरू नये, जंतुसंसर्गाचा धोका कुठल्याही प्रात्यक्षिकापेक्षा मोठा आहे. चार नमुने आणि ए, बी व डी (रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते सांगणारं) अशी तीन द्रावणं, म्हणजे मुलांच्या एका गटाला तबकडीतले बारा खळगे. प्रत्येक खळग्यात नमुन्याचा एक थेंब, द्रावणाचा एक थेंब आणि ढवळायला स्वतंत्र काडी. संचात मात्र गटाला चारच काड्या येतात. तीच काडी दुसऱ्या खळग्यात गेली की बी द्रावणाचा अंश ए मध्ये मिसळतो आणि बी गटाचा नमुनाही एबी दिसायला लागतो. मुलांना वाटतं प्रयोग फसला. फसलेली असते ती स्वच्छता. लॅब टेक्निशियनच्या कामाचं मर्म इथे आहे. म्हणून गटाला बारा काड्या मोजून द्या, आणि वेळ असेल तर एकदा मुद्दाम एकच काडी वापरून चुकीचा निकाल दाखवा.

याच कार्डावर "रक्त गोठलं तर पॉझिटिव्ह" असं छापलेलं आहे, ते खोडून टाका. रक्त गोठणं ही फायब्रिन या धाग्यांसारख्या प्रथिनाच्या जाळ्याची वेगळी प्रक्रिया. रक्तगट तपासताना लाल पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे बारीक पुंजके होतात. लँडस्टायनर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांनी १९०१ साली रक्तगट ओळखले ते या पुंजक्यांवरूनच, आणि त्यासाठी त्यांना १९३०चं नोबेल मिळालं. शब्द चुकला की पुढे अभ्यासात तीच चूक वर्षानुवर्षं सोबत राहते.

फिजिओथेरपीच्या टेबलावर प्लॅस्टिकचे कोनमापक, म्हणजे गोनिओमीटर, असतात. स्वस्त, टिकाऊ, तक्रारीला जागा नाही. कोपरासाठी मधला खिळा कोपराच्या बाहेरच्या हाडावर, स्थिर पट्टी खांद्याच्या टोकाच्या दिशेने, फिरती पट्टी मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाकडे. पूर्ण वाकवल्यावर साधारण १५० अंश येतात. एकाच कोपराचं मोजमाप तिघांनी वेगवेगळं करून कागदावर लपवून लिहायचं आणि मग ताडून पाहायचं. पाच अंशांच्या आत फरक असेल तर छान. वीस अंशांचा फरक आला तर बहुतेक वेळा खिळा हाडावरून सरकलेला असतो.

एक्स-रेचं टेबल पाहण्यापुरतं आहे. हाताची, छातीची, गुडघ्याची फिल्म आणि प्रकाशपेटी. लहान मुलाच्या हाताच्या फिल्ममध्ये हाडांच्या टोकांशी दिसणाऱ्या काळ्या फटी मुलांना हमखास फ्रॅक्चर वाटतात. त्या वाढीच्या कूर्चा (अजून हाड न झालेला मऊ भाग) असतात, आणि ही गंमत कार्डावर नाही. रेडिओग्राफर स्वतःला किरणांपासून कसं वाचवतो हे दाखवायला टॉर्च आणि आलेख-कागद पुरतो. अंतर दुप्पट केलं की तोच प्रकाश चौपट चौकोनांवर पसरतो, म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला पाव. एवढं एक प्रात्यक्षिक जोडलं तर हे टेबल जिवंत होतं.

ऑक्सिमीटरवर पाच मिनिटं पुरतात. थंड बोटं, नेलपॉलिश आणि हात हलणं, या तिन्ही कारणांनी आकडा कसा बिघडतो ते करून पाहू द्या.

सीपीआरचा पुतळा सर्वांत महागडा भाग असतो, आणि बहुतेक संचांत प्रतिसाद न देणारा साधा पुतळा येतो. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली का, प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर आली का, वेग मिनिटाला १०० ते १२० आहे का, हे डोळ्यांनी ठरवणं अवघड. योग्य खोलीला 'टक्' आवाज करणारा पुतळा मिळत असेल तर तोच मागा. मिळत नसेल तर मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठेका देणारं ॲप) ११०ला लावा. प्रत्येकाला पूर्ण दोन मिनिटं दाबू द्या. दीड मिनिटानंतर हात थकतात आणि दाब उथळ होत जातो. खऱ्या प्रसंगीही दोन मिनिटांनी माणूस का बदलतात, हे मुलांना स्वतःच्या खांद्यातून कळतं.

संचाची सर्वांत कमजोर बाजू म्हणजे करिअरची कार्डं. त्यांवर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो आहेत, पण दिवसभराचं काम नाही. लॅबमध्ये रात्रपाळी असते, फिजिओथेरपिस्टला पेशंटचं वजन पेलावं लागतं, रेडिओग्राफरला घाबरलेल्या माणसाला शांत पडून राहायला लावावं लागतं, आणि सगळ्यांनाच प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद ठेवावी लागते. वाचा-उपचार, आहारतज्ज्ञ, दृष्टी-तपासणी, कृत्रिम अवयव बनवणं यांचा तर उल्लेखही नाही. किमान एक टेबल स्वतः वाढवायचं असेल तर दृष्टी-तपासणीचा तक्ता घ्या. सहा मीटर अंतर आखा आणि ६/६च्या (सामान्य नजरेच्या) ओळीतलं अक्षर पट्टीने मोजा. ते ८.७ मिलिमीटर भरलं पाहिजे. घरच्या प्रिंटरवर काढलेले तक्ते बऱ्याचदा आकारात आक्रसलेले असतात.

तीस मुलांसाठी वेळ असा बसवा: पाच-पाच जणांचे सहा गट, प्रत्येक टेबलावर २५ मिनिटं आणि बदलायला ५. पूर्ण फेरीला तीन तास लागतात, ती दोन दिवसांत दीड-दीड तासाची करा. पुस्तिकेतली एका तासाची योजना करायला गेलात तर रक्तदाबाच्या टेबलावर कुणालाही एकसुद्धा ठोका ऐकू येणार नाही. रक्तदाब आणि सीपीआर इथे जाणकार मोठं माणूस हवंच. बाकी टेबलं वरच्या वर्गातली मुलं सांभाळू शकतात.

रक्तदाब आणि सीपीआर या दोन टेबलांसाठी आणि कोनमापकांसाठी संच घेण्यासारखा आहे, कफ आणि काड्यांचा जादा खर्च धरूनच. पेटी परत ठेवताना पुतळ्याचा चेहरा पुसून फुप्फुसाची पिशवी बदला, द्रावणांच्या बाटल्यांवरची मुदत पाहा, कफमधली हवा पूर्ण काढा आणि ऑक्सिमीटरमधले सेल बाहेर काढून ठेवा. आत राहिलेले सेल पाझरले की पुढच्या वर्षी ते यंत्र सुरूच होत नाही.